सतरा नंबरचं कापड

राजमणी कोडमच्या हाताखालून गेलेल्या कापडात खोट सापडत नाही, अशी सोलापुरात तिची ख्याती होती. पस्तीस वर्षांत एकदाही माल परत आला नव्हता. माणसाचा घात त्याच्या दुर्गुणांनी होतो असं आपण उगीचच धरून चालतो. राजमणीचा घात झाला तो गुणानं, आणि तोही तीन आठवडे मान मोडून, चष्मा पुसत पुसत, तिनं स्वतःच्या हातानं करून घेतला.

हे तिला कळलं एका मंगळवारी दुपारी, दीडशे माणसांत बसलेली असताना.

समोर डॉ. बहार तांबोळी बोलत होत्या. मेंदूच्या संशोधक, राहायला पुण्यात, पण मूळच्या सांगलीकडच्या, त्यामुळे बोलणं चार माणसांना समजेल असं. "आठवणीतला एखादा तुकडा गळाला, तर मेंदू गप्प बसत नाही," त्या सांगत होत्या. "अलीकडचं पलीकडचं ओढून घेतो आणि मधलं भोक बुजवतो. रफू करतो म्हणा ना. म्हणून विसरण्याचा आजार सुरू होऊन पाच-सात वर्षं झाली तरी माणसाला पत्ता नसतो, घरच्यांनाही नसतो. पण हे कापड," त्यांनी वर टांगलेल्या कापडांकडे हात केला, "हे रफू करत नाही. जसं होतं तसं दाखवतं."

राजमणीनं मान वळवली. तिच्या शेजारी तिचा नवरा मल्लेशम बसला होता. तोही मन लावून ऐकत होता. वर, बरोबर त्याच्या डोक्यावर, सतरा नंबरचं कापड टांगलेलं होतं. पांढऱ्या उभ्या ताण्याचं, निळ्या आडव्या बाण्याचं, बारा फूट लांब, आणि पाहणाऱ्याला वाटावं की इतकं सफाईदार कापड उभ्या दालनात दुसरं नाही.

हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी शर्वाणी देवस्थळी नावाची एक चित्रकार सोलापुरात आली आणि तिनं शहराबाहेरच्या एका बंद सूतगिरणीचं दालन भाड्यानं घेतलं. चाळीस माणसांचे विचार विणून तिला छताला टांगायचे होते. त्या सगळ्या मांडणीचं नाव 'मनाचा माग'. लोकांनी आधी तिला वेड्यात काढलं. मग ती एका चादर कारखान्यात राजमणीला भेटायला आली. जॅकार्डच्या मागावरचं नक्षीकाम बोटांनी चाचपून वाचणारी एवढी एकच बाई आता उरली आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"विचार विणणार म्हणजे नेमकं काय करणार?" राजमणीनं विचारलं.

"अक्का, तुमच्या जॅकार्डचे जुने पुठ्ठ्याचे पत्ते आठवतात? भोक असलं की तार वर, नसलं की खाली."

"आठवायला काय झालं. माझा बाप पत्तेच पाडायचा."

"मग झालं तर. त्या पत्त्यांवरून फार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं, की भोकांनी फुलं विणता येतात तर आकडेमोड का करता येऊ नये. संगणकाच्या पोटात अजून तेच चालतं. वर किंवा खाली, हो किंवा नाही. मला ते परत मागावर आणायचंय. फक्त या वेळी माणसाच्या डोक्यातून."

साधन होतं एक टोपी. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा सूक्ष्म वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकत्व येतंच. ते पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. पूर्वी ते पकडायला खोलीएवढं यंत्र लागे, आता टोपीत बसवलेल्या नखाएवढ्या काचेच्या डब्या ते पकडत. शर्वाणीच्या संगणकानं मेंदूच्या पृष्ठभागाचे चोवीसशे ठिपके पाडले आणि प्रत्येक ठिपक्याला ताण्याची एक तार दिली. दर अर्ध्या सेकंदाला बाण्याचा एक धागा. त्या अर्ध्या सेकंदात ठिपका जागा असेल तर तार वर, स्वस्थ असेल तर खाली. एक तास टोपी घालून बसलं की सात हजार दोनशे धागे, म्हणजे बारा फूट कापड.

बसणाऱ्यानं आपलं रोजचं काम मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं, पुन्हा पुन्हा, तासभर. निवृत्त शिक्षक बिराजदार सरांनी तेराचा पाढा शिकवला. एका भाकरीवालीनं भाकऱ्या थापल्या. मल्लेशम टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होता, त्यानं टबात मोरपंखी रंग चढवला. कापड विणून निघालं तेव्हा सगळे जवळ जाऊन पाहू लागले. काम जितक्यांदा मनात झालं, तितक्यांदा तीच बुट्टी कापडावर उमटली होती, आणि प्रत्येकाची बुट्टी वेगळी. भाकरीवाली पुढं उद्घाटनाच्या दिवशी आपल्या कापडावरून हात फिरवत म्हणाली, "म्हणजे मी रिकाम्या डोक्यानं थापत नव्हते तर."

लोकांना धास्ती एकच होती, की आपलं डोकं कुणी चोरून नेऊ नये. म्हणून शर्वाणीनं शब्द दिला होता. कापडांवर नावं नाहीत, फक्त नंबर. नावं उद्घाटनाच्या दिवशीच कळतील. आणि कापड विणून झालं की टोपीतली सगळी नोंद नष्ट. मल्लेशमच्याच कारखान्याच्या भट्टीत तिनं सगळ्यांसमोर नोंदींच्या डिस्क टाकल्या. उरलं ते फक्त कापड.

विणकामावर देखरेख राजमणीची. शर्वाणीनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अक्का, यात दुरुस्ती नको. जसं येईल तसं." राजमणीनं मान हलवली होती. पण माणूस मान एका गोष्टीला हलवतो आणि हात भलत्याच गोष्टीला जातो.

आठव्या नंबरचं कापड मागावर होतं त्या आठवड्यात ती भाचीच्या लग्नाला करीमनगरला गेली होती. परत येऊन पाहते तर कापड टांगूनही झालेलं, आणि त्यात जागोजागी तांदळाच्या दाण्याएवढ्या मोकळ्या जागा. तिथं ताण्याच्या दहा-बारा तारा खालीच राहिलेल्या आणि बाण्याचे धागे कशातच न गुंतता नुसते लोंबकळत होते. राजमणीचा जीव वरखाली झाला. मागाचे तारा उचलणारे आकडे अडकले असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शर्वाणी मात्र कापड उतरवू देईना. "राहू द्या अक्का, छान दिसतंय," म्हणाली. एका विणकर बाईला खोट छान दिसते म्हणून सांगायचं, याहून मोठा अपमान नाही.

म्हणून सतराव्या कापडात तशाच मोकळ्या जागा निघाल्या तेव्हा राजमणीनं कुणाला विचारलंच नाही. ते तिनं तपासणीसाठी म्हणून मागच्या खोलीत नेलं आणि रोज दुपारी सुई घेऊन बसली. एकशे चौदा जागा होत्या. शेजारची चांगली बुट्टी बघायची, तिच्यात तार कशी वरखाली गेली आहे ते मोजायचं, आणि तस्संच पांढऱ्या दोऱ्यानं मोकळ्या जागेत भरायचं. टोकं अशी लपवली की उलटीकडूनही दिसू नयेत. तिच्या घराण्यात म्हणत, अंगावरचं फाटकं चालेल, हातातून जाणारं नको. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं रफू होतं.

नारळी पौर्णिमेला उद्घाटन झालं. नावं जाहीर झाली, जो तो आपापल्या कापडाखाली जाऊन उभा राहिला, आणि सतरा नंबरखाली उभा राहिला मल्लेशम. राजमणीला हसूच आलं. नकळत आपण नवऱ्याचंच डोकं नीटनेटकं केलं म्हणायचं. मल्लेशम मात्र मान वर करून बराच वेळ बघत राहिला होता.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"मस्त आहे," तो म्हणाला. "फारच मस्त आहे."

पुढच्या आठ महिन्यांत बिराजदार सर आपल्या घराचा रस्ता दोनदा चुकले. डॉ. तांबोळींनी त्यांना तपासलं आणि मग त्यांचं आठ नंबरचं कापड पाहायला त्या मुद्दाम सोलापूरला आल्या. निरोगी मेंदूचा कुठलाही भाग पाच सेकंद पूर्ण गप्प राहत नाही, काहीतरी कुजबुज चालूच असते. सरांच्या कापडात मात्र दर दाण्याला मेंदू पाच सेकंद गप्प होता. सर त्या वेळी ठणठणीत होते. चाचण्यांना जे कळलं नव्हतं ते कापडानं आठ महिने आधी सांगून ठेवलं होतं.

आणि आता औषध आलं होतं. वर्षभर दर आठवड्याला एक सुई. पण ते उपयोगी पडायचं कापडातले दाणे दाण्याएवढे असेपर्यंतच. ते वाढून एकमेकांना चिकटले की त्याचा काही उपयोग नसे. पहिल्या गटात या चाळिसांपैकी ज्यांच्या कापडात असे खंड दिसतील त्यांना घ्यायचं ठरलं. कॅमेरा सगळी कापडं तपासणार होता. अहवाल सोमवारी. यादी शनिवारी बंद. पुढचा गट दीड वर्षानं.

मंगळवारच्या त्या सभेत डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं. राजमणीला उठून सांगावं असं वाटलं. पण दीडशे माणसं, समोर शर्वाणी, शेजारी मल्लेशम. तिनं स्वतःचीच समजूत घातली, की एवढा मोठा कॅमेरा आहे, तो काय पकडणार नाही? आपलं काम कच्चं निघावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि त्या रफूचा एखादा तरी टाका सुटलेला असावा म्हणून तिनं विणकरांच्या मार्कंडेयाला हात जोडले.

सोमवारी अहवाल आले. तीन कापडांत खंड सापडले. सतरा नंबरसमोर लिहिलं होतं, 'निर्दोष'.

मल्लेशमनं तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बघ. सुटलो."

तो कागद मग त्यानं कारखान्यात सगळ्यांना दाखवला. त्याला कारण होतं. कारखान्यात रंग जुळवायला आता यंत्र होतं, पण यंत्रानं ठरवलेल्या छटेवर शेवटचा शब्द मल्लेशमचा. पांढऱ्यातही सोळा पांढरे असतात, असं तो नव्या पोरांना सांगे आणि सोळाही ओळखून दाखवी. मात्र गेल्या दिवाळीत मोरपंखी टॉवेलांचा एक आख्खा लॉट राखाडी निघाला होता, आणि तेव्हापासून व्यवस्थापक अधूनमधून त्याच्या पाठीमागं येऊन उभा राहायचा. आता मल्लेशमच्या खिशात कागद होता.

राजमणीची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. सकाळी चहात त्यानं साखर किती घातली. किल्ली कुठं ठेवली. मुलाला हैदराबादला फोन केल्यावर काल विचारलेलंच आज पुन्हा विचारलं का. माणूस साठीला आला की हे सगळं होतंच, आणि होतंच म्हणून सोडून द्यावं तर ते दाणे डोळ्यांपुढून जात नव्हते. एकशे चौदा. दर दाण्याला पाच सेकंद. तासाभरात साडेनऊ मिनिटं हा माणूस कुठं होता?

बुधवारी ती त्याचा डबा द्यायला कारखान्यात गेली. मल्लेशम टबापाशी उभा होता. सुती मालाला रंग देताना आधी मीठ टाकतात, मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं. मग सोडा, तो रंग पक्का करतो. मल्लेशमनं सोड्याचं घमेलं टबात रिकामं केलं. मग दुसरं घमेलं उचललं, त्यातही सोडाच होता, आणि तेही तो ओतायला गेला. वाफेतून शेजारच्या कामगारानं त्याचा हात धरला.

"मास्तर, झालाय की टाकून."

मल्लेशम हसला. "ठाऊक आहे. तुझं लक्ष आहे का ते बघलालो होतो."

कामगारही हसला. राजमणीनं डबा खाली ठेवला आणि निघून आली. नवऱ्याचं ते हसणं तिला सबंध वाटभर ऐकू येत होतं. तो खोटं बोलला नव्हता, याची तिला खात्री वाटत होती, आणि भीती त्याचीच होती. मधलं भोक त्याच्या डोक्यानं तिथल्या तिथं बुजवलं होतं.

गुरुवारी सकाळी तिनं सांगून टाकलं. तो न्याहारीला बसला होता. ती उभ्या उभ्याच बोलली, आठ नंबरपासून सतरा नंबरपर्यंत, सुई, दोरा, एकशे चौदा, सगळं. मल्लेशमनं खाणं थांबवलं नाही.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"मग राहू दे."

"एमंडी, यादी परवा बंद होते." नवऱ्याला हाक मारायला तिच्या तोंडी आईची तेलुगूच यायची.

"होऊ दे."

"तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? मी ते भरलं नसतं तर तुमचं नाव यादीत पहिलं असतं."

"भरलंस ना? चांगलं केलंस." त्यानं ताट सरकवलं. "मणी, उद्या माझं नाव त्या यादीत गेलं की परवा कारखान्यात काय होईल ठाऊक आहे? मला एका स्टुलावर बसवतील. चहा देतील. 'मास्तर, तुम्ही नुसतं बघा' म्हणतील. टबाला हात लावू द्यायचे नाहीत. चाळीस वर्षं झाली माझ्या हाताला रंग लागून. ते औषध लागू पडेल याची लेखी हमी दिलीय का तुझ्या डॉक्टरीणबाईनं?"

"नाही."

"मग? ते कापड माझं आहे. त्याला हात लावायचा नाही."

तो निघून गेला. राजमणी रडली, आणि नुसती रडली नाही, त्याच्यावर चिडलीही. स्वतःवर चिडली ती वेगळीच. आपल्या चुकीवर नवरा पांघरूण घालतोय, हे सुखाचं वाटावं असं त्यात काही नव्हतं. कारण त्या पांघरुणाखाली तोच झोपणार होता.

दुपारी तिनं डॉ. तांबोळींना फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राजमणीताई, तुमच्या शब्दावर मला त्यांना यादीत घेता येणार नाही, आणि पुन्हा टोपी घालून नवं कापड विणायला आता वेळ नाही. कापड मोकळं झालेलं मला दिसायला हवं. मी उद्या येते. आणि अजून एक. त्यांची सही लागेल. त्यांची इच्छा नसेल तर कापड काहीही बोललं तरी मी काही करू शकत नाही."

"सहीचं मला ठाऊक नाही," राजमणी म्हणाली. "कापड त्यांचं आहे. पण त्यातला रफूचा दोरा माझा आहे. तो मी काढून घेते."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती सुई, बारीक कात्री आणि भिंग घेऊन गिरणीत हजर झाली. शर्वाणीला तिनं आदल्या दिवशीच कळवलं होतं. शर्वाणीचे डोळे लाल होते.

"अक्का, मी तुम्हाला सांगितलं होतं. दुरुस्ती नको म्हणून."

"सांगितलं होतंस. डोक्यानं ऐकलं, हाताला कान नसतात," राजमणी म्हणाली. "मला वाटेल ते बोल, पण आधी शिडी दे."

शर्वाणीनं शिडी आणून दिली आणि खालून धरून उभी राहिली.

आणि तिथं राजमणीला आपल्या कर्तबगारीचं खरं फळ मिळालं. रफू सापडेना. छपराच्या काचांतून स्वच्छ ऊन येत होतं, भिंग डोळ्याला होतं, पस्तीस वर्षांची बोटं कापडावरून फिरत होती, पण कुठली तार मागाची आणि कुठली आपली हे तिचं तिलाच ओळखू येईना. टोकं तिनंच लपवली होती, नक्षी तिनंच जुळवली होती. तासाभरात जेमतेम चार जागा सापडल्या. पाचवी म्हणून तिनं दोरा ओढला तर ती मागाची खरी तार निघाली. तिनं घाईघाईनं हात मागं घेतला. असं चालत राहिलं तर जे खरं होतं तेही आपण उसवून बसू.

बारा वाजता डॉ. तांबोळी आल्या. चार मोकळ्या जागा त्यांनी भिंगातून पाहिल्या. "चार जागांनी भागायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "चार तर कुणीही कात्रीनं करून दाखवेल, असं औषध देणारी समिती म्हणेल. पद्धतशीर दिसायला हवं, दर बुट्टीत त्याच जागी." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण राजमणीनं पाहिलं.

"मला सापडत नाहीये हो," ती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

"सापडायचं नाहीच," खालून आवाज आला. "तू केलेलं आहे ते."

मल्लेशम दारात उभा होता. कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत हात निळे. तो चालत आला, शर्वाणीला बाजूला करून त्यानं शिडी धरली आणि मान वर केली.

"काय करलालीस? खालून सुरू करून चालत नाही. वरच्या काठापासून तिसरी बुट्टी बघ. तिच्या डाव्या अंगाला. अजून डावीकडं. हां. तिथं बोट ठेव."

राजमणीनं बोट ठेवलं. तिला काहीच वेगळं दिसत नव्हतं.

"तिथं काही नाही," ती म्हणाली.

"आहे. ताणा कोऱ्या सुताचा आहे, न धुतलेला. तुझा दोरा धुवट सुताचा आहे, आपल्या घरातल्या लडीतला. मीच धुतलाय तो. अर्धी छटा फरक आहे."

तिनं कात्रीचं टोक घातलं. दोरा सुटून आला आणि खाली निळा दाणा उघडा पडला.

राजमणीनं वरूनच विचारलं, "कधी दिसलं तुम्हाला?"

"उद्घाटनाच्या दिवशी."

"आणि बोलला नाहीत."

"तेव्हा वाटलं, आकडा अडकला असेल, तू भरलं असशील. तुझी खोड मला ठाऊक आहे." तो थांबला. "मग सभेत या बाई बोलल्या. तेव्हा कळलं काय भरलंयस ते. म्हटलं, तुला ठाऊक नाही तर कशाला सांगायचं. आणि काल तू सांगितलंस, तर राग आला. का आला ते मला सांगता यायचं नाही."

"मग आज का आलात?"

त्यानं आपल्या निळ्या हातांकडे पाहिलं. "सकाळी टबापाशी उभा होतो. मीठ टाकलंय की नाही, ते आठवेना. कुणाला विचारायची लाज वाटली. अंदाजानं टाकलं. मणी, चाळीस वर्षांत मी अंदाजानं कधी काही टाकलं नव्हतं."

डॉ. तांबोळींनी पिशवीतून अर्ज काढला. मल्लेशमनं तो शिडीच्याच पायरीवर ठेवून सही केली आणि कागदाच्या कोपऱ्याला निळा अंगठा लागला. "माफ करा," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे.

मग काम सुरू झालं. तो खालून सांगायचा, ती वर उसवायची, शर्वाणी फोटो घ्यायची. पाचव्या बुट्टीत डावीकडं. सहाव्या बुट्टीत डावीकडं, तिथंच, बरोबर तिथंच. मोरपंखी रंग चढवताना दर वेळी त्याचं डोकं त्याच त्या ठिकाणी गप्प झालं होतं, आणि ती ठिकाणं तो स्वतःच बोटानं दाखवत होता. त्याचा आवाज शांत होता, मालाच्या गठ्ठ्यावरचा नंबर सांगावा तसा. राजमणीला मात्र दर दोऱ्याबरोबर आपल्याच अंगातलं काही ओढून काढल्यासारखं होत होतं. दोन वाजेपर्यंत साठ जागा मोकळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या पुरेत. मल्लेशम म्हणाला, "सगळ्या काढू. अर्धवट नको."

तीनच्या सुमाराला तो म्हणाला, "नवव्या बुट्टीत बघ. खालच्या पाकळीपाशी, उजवीकडं एक राहिलाय."

राजमणी तिकडे वळली. तिथली जागा मोकळीच होती. दोरा तिनं काढला होता, दहाएक मिनिटांपूर्वी, त्यानंच सांगितल्यावरून, याच शब्दांत.

तिनं खाली पाहिलं. तो वर बघत होता, भिवई जराशी आक्रसून, काम नीट होतंय ना अशा काळजीनं. नुसती सुई तिथं टेकवायची आणि 'काढला' म्हणायचं. तेवढ्यानं भागलं असतं. त्याला कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. तिचा हात सुईसकट त्या जागेपर्यंत गेलासुद्धा.

तिनं हात मागं घेतला.

"तो झालाय," ती म्हणाली. "मघाशी तुम्हीच दाखवलात."

शिडीवरची मल्लेशमची बोटं घट्ट झालेली तिला वरून दिसली.

"असं का," तो म्हणाला. "बरं. यापुढं असंच सांगत जा."

"सांगेन."

"दहावी बुट्टी घे मग."